खाणीपासून भंगारापर्यंत

(युवकांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचं संपादित शब्दांकन)



पर्यावरणावरची भाषणं बहुतेक वेळा 'झाडं लावा, पाणी वाचवा' इथे येऊन संपतात. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण तुमच्यापैकी कुणी इंजिनिअरिंगला आहे, कुणी आयटीआयला, कुणी घरच्या दुकानात बसतं. उद्या तुम्ही वस्तू बनवणार, विकणार, दुरुस्त करणार. म्हणून आज मी एका हिशोबाबद्दल बोलणार आहे. एखादी वस्तू निसर्गाचं आणि माणसांचं किती नुकसान करते, हे मोजतात कसं? आणि त्या मोजणीतून कोण सुटून जातं?

आपल्या घरांत 'इसराफ' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. नळ वाहता राहिला, ताटात भात उरला की कुणीतरी मोठं माणूस तो उच्चारतंच. पण ताटातला भात डोळ्यांना दिसतो. फोनसाठी खणलेली खाण दिसत नाही. न दिसणारं मोजायची एक पद्धत आहे. तिचं नाव लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे वस्तूच्या संपूर्ण आयुष्याचा हिशोब. कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी भंगार, हे सगळे टप्पे त्यात येतात. आयएसओ १४०४० हे तिचं आंतरराष्ट्रीय मानक.

साधं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि आपण कापडी पिशवी हातात घेतली. कापडी म्हणजे चांगली, असं आपण धरून चालतो. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघालं की हवामानबदलाच्या मापाने सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची, तर ती १३१ वेळा वापरायला हवी. कारण कापूस पिकवायला पाणी, खत, कीटकनाशक लागतं, आणि पुढे सूतगिरणी, माग, रंगाई आहेच. डेन्मार्कच्या सरकारी अभ्यासात २०१८ मध्ये हाच आकडा ५२ आला. पण पाणी, ओझोन असे सगळे परिणाम धरले, तर तो थेट ७१०० वर गेला.

मग बंदी चुकीची होती का? नाही. या दोन्ही अभ्यासांनी एक गोष्ट मोजलीच नव्हती: उघड्यावर फेकलेली पिशवी. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईचे नाले तुंबायला याच पिशव्यांचा हातभार लागला होता. कुर्ल्यात मिठी नदीकाठी ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांचं नुकसान या हिशोबाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

यातून तीन प्रश्न लक्षात ठेवा. तुलना कशाची कशाशी? कोणते परिणाम मोजले? हिशोबाची हद्द कुठे आखली? कोणतीही कंपनी 'इको-फ्रेंडली' म्हणाली की हे तीन प्रश्न विचारायचे. या प्रकारचा पहिला मोठा अभ्यास १९६९ मध्ये कोका-कोलाने आपल्या बाटल्यांसाठी करून घेतला होता, आणि तो पूर्ण स्वरूपात कधी प्रसिद्धच झाला नाही. हद्द कोण आखतो, याला महत्त्व आहे ते यासाठी.

आता खिशातला फोन घ्या. ॲपल आपल्या फोनचे असे अहवाल प्रसिद्ध करते. आयफोन १३ च्या संपूर्ण आयुष्याचा कार्बनभार त्यांनी ६४ किलो दाखवला आहे. त्यातला सुमारे ८० टक्के भाग फोन बनतानाच पडतो. चार्जिंगचा वाटा त्यामानाने लहान. म्हणजे रात्री चार्जर काढून ठेवण्यापेक्षा फोन दोन वर्षं जास्त वापरणं कितीतरी मोलाचं. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने याच विचाराने साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारा फोन बनवला. बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा घरी बदलता येतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने फेअरफोन ४ चा हिशोब मांडला. तीनऐवजी पाच वर्षं वापरला तर वर्षाकाठचा कार्बनभार सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

त्याच ॲपलच्या अहवालांत शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे भंगाराचा वाटा असतो एक टक्क्याहून कमी. आकडा खोटा नाही. पण तो फक्त कार्बनचा आहे, आणि फोन व्यवस्थित कारखान्यात सुटा होईल असं धरून काढलेला आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादमध्ये काय होतं? तांबं काढण्यासाठी वायरी जाळतात. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात. सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. त्या धुराचा कार्बन थोडाच असतो, पण तो श्वासात घेणाऱ्या पोराच्या फुफ्फुसाचं काय? २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची आहे. बाकीचा कुठे जातो, हे मोहल्ल्यात राहणाऱ्याला विचारा.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. धारावीचं तेरा कंपाउंड, कुर्ल्याची भंगार गल्ली, मालेगावचे प्लास्टिक गाळणारे कारखाने, कोपऱ्यावरचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, या कामांत आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. कोणता फोन उघडताना स्क्रीन फुटते, कोणत्या कंपनीची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, कोणतं प्लास्टिक दुसऱ्यात मिसळलं की माल वाया जातो, हे त्यांना पाठ आहे. डिझाइनच्या टेबलावर नेमकी हीच माहिती नसते. आता आपल्यातले काही जण त्या टेबलापर्यंत पोहोचू लागलेत. तिथे बसल्यावर मागची गल्ली विसरायची नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझ्या क्षेत्राचंही सांगतो. ॲप बनवताना अँड्रॉइडची किमान आवृत्ती ठरवणारा एक आकडा असतो. तो वाढवला की त्याखालचे चालू फोन त्या ॲपपुरते निकामी होतात, आणि ते बहुधा गरिबाच्या हातात असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, त्यामुळे अनेक धडधाकट कॉम्प्युटर नियमातच बसत नाहीत. हार्डवेअर जिवंत असतं आणि सॉफ्टवेअर त्याला भंगारात पाठवतं. हा निर्णयही हिशोबात धरला पाहिजे.

कायदे बदलत आहेत. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, उपकरणाची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोनसोबत दुरुस्तीचे गुण दाखवणं बंधनकारक झालं होतं. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जबाबदारी उत्पादकावर आहे. पण नियमातला नोंदणीकृत पुनर्वापर करणारा आणि गल्लीतला भंगारवाला यांच्यात अजून मोठं अंतर आहे. हातमोजे, मुखवटा, प्रशिक्षण, नोंदणी आणि मालाचा योग्य भाव मिळाला तर ते कमी होईल. ही मागणी नागरिक म्हणून आपण लावून धरायची आहे.

शेवटी एक काम देतो. येत्या रमजानच्या आधी आपापल्या मशिदीच्या किंवा मंडळाच्या इफ्तारचा हिशोब मांडा. एकक धरा: एका माणसाचा एक इफ्तार. पर्याय तीन: प्लास्टिकचा थर असलेली कागदी प्लेट, पानांची पत्रावळ आणि स्टीलचं ताट. कुठून येतं, किती वेळा वापरलं जातं, धुवायला पाणी किती, धुणार कोण, आणि दुसऱ्या दिवशी कचरा कोणाच्या दारात जातो, सगळं लिहा. धुणाऱ्या आणि उचलणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय तक्ता पूर्ण झाला असं समजू नका. पुढच्या बैठकीत हे तक्ते घेऊन या, आपण ते एकत्र तपासू.