पाण्याच्या नळीतून आलेला वायू



रासायनिक कारखाना म्हटलं की आपल्याला डोंबिवली आठवते, तारापूर आठवतं, महाड आठवतं. आम्लाच्या टाक्या, ओळीनं मांडलेली पिंपं, नाल्यातलं रंगीत पाणी. आपल्या गडचिरोलीतल्या चामोर्शी तालुक्यात कोनसरीला जे उभं राहतंय ते लोखंडाचं काम. तिथं रसायनांचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण दगडातून लोखंड काढणं ही मुळातच रासायनिक क्रिया. सूरजागडच्या खाणीतल्या दगडात लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं असतं. त्याची ती पकड सोडवायला कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू लागतो. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत, साधारण हजार अंश तापमानाला, हेच चालतं. लॉइड्स मेटल्स कंपनीच्या कोनसरीतल्या एकात्मिक पोलाद कारखान्याची पायाभरणी जुलै २०२५ मध्ये झाली. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांत झोतभट्टी असते. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइडच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक जोरानं चिकटतो. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं होतं, मग झोप आल्यासारखं.

भिलाई आपल्याला परकी नाही. विदर्भातल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी तिथं नोकरीला होता किंवा आहे. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात याच वायूनं सहा जण गेले, त्यात दोन वरिष्ठ अधिकारी होते. मृत्यू झाले ते पंपघराच्या परिसरात, म्हणजे जिथं पाणी असतं तिथं. झोतभट्टीतला वायू धुवायला पाणी लागतं आणि ते पंपघरातून जातं. त्या संध्याकाळी पाण्याचा दाब गेला. नळीत पाण्याचा रेटा होता तोवर वायू पलीकडे अडून राहिला होता. रेटा संपला आणि वायू त्याच नळीतून मागं फिरून पंपघरात आला. पंपघरातल्या माणसाला पाण्याच्या नळीची भीती वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

असे प्रसंग आधीच कागदावर घडवून पाहण्याची एक रीत आहे. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत ती १९६०च्या दशकात आकाराला आली; तिला हॅझॉप म्हणतात. कारखान्याचा नकाशा टेबलावर पसरायचा. भोवती इंजिनिअर, पंप चालवणारा, दुरुस्तीवाला आणि बाहेरचा एक त्रयस्थ बसवायचा. नकाशातल्या एका नळीवर बोट ठेवायचं आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. यातून काहीच वाहिलं नाही तर? जास्त वाहिलं तर? कमी वाहिलं तर? उलटं वाहिलं तर? प्रत्येक उत्तराला पुढचा प्रश्न: मग काय होईल, ते कुणाला कळेल, आणि तो काय करील? मग पुढची नळी. काम फार कंटाळवाणं आहे, आठवडेच्या आठवडे चालतं. घाई असलेल्या साहेबाला ते कधीच आवडत नाही. पण पंपघरातल्या नळीपाशी येऊन ‘उलटं वाहिलं तर?’ हा प्रश्न विचारायची वेळ तिथंच येते.

आता आपल्याकडच्या नव्या तंत्राकडे वळू. सूरजागडजवळच्या हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळी टाकली आहे. खनिज पिठासारखं बारीक दळायचं, पाण्यात कालवायचं आणि नळीतून सोडायचं. आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यानं ज्यांनी लाल धूळ खाल्ली आहे, ट्रकच्या रांगा पाहिल्या आहेत, अपघात पाहिले आहेत, त्यांना या नळीचं महत्त्व सांगायला नको. रस्त्यावरचा धोका तिनं खरोखर कमी होतो. मात्र त्या जागी दुसरे प्रश्न येतात. पोलादी नळी आतून गंजते आणि घासली जाते. गंज रोखायला पाण्याचा आम्लपणा सांभाळावा लागतो, त्यासाठी चुना किंवा दुसरी द्रव्यं घालावी लागतात. नळी फुटली तर तो गाळ कुणाच्या बांधीत शिरेल, कोणत्या नाल्यानं कुठल्या बोडीत उतरेल? पुढे सूरजागडचा कमी प्रतीचा, पट्ट्यापट्ट्यांचा बीएचक्यू दगड शुद्ध करायचा आहे. जगात अशा दगडातली वाळू वेगळी करायला पुष्कळ ठिकाणी फेस काढण्याची पद्धत वापरतात, आणि त्या फेसासाठी अमाइन गटातली रसायनं घालतात.  माशांना ती घातक ठरू शकतात. वैनगंगेवर जाळं टाकणाऱ्या ढिवराला हे कुणीतरी सांगायला हवं.

रसायन तेच राहून तंत्र बदललं तरी धोका बदलतो, हे आपण २०१७ मध्ये यवतमाळला पाहिलं आहे. फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. फवारलेली बरीच कीटकनाशकं बाजारात आधीपासूनच होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा पायांऐवजी तोंडावर येत होता. हवा दमट होती, घामानं अंग ओलं होतं. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली जात होती. आणि नवे जोरकस पंप थोड्या वेळात फार बारीक तुषार सोडत होते. डब्यावरच्या पत्रकानं हातमोजे, मुखवटा आणि एका वेळी एकच औषध गृहीत धरलं होतं. शेतात घडत होतं ते त्या पत्रकात कुठंच नव्हतं.

आता ड्रोन आला आहे. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. फवारणाऱ्याच्या पाठीवरचा पंप उतरला हा फायदा मोठाच आहे. पण पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागायचं, ड्रोनला साधारण दहा लिटर पुरतं. म्हणजे तेच औषध किती तरी तीव्र झालं. टाकी भरणाऱ्या बाईच्या हातावर एक थेंब सांडला तर तो पूर्वीसारखा थेंब राहिलेला नाही. वारा असला की तुषार शेजारच्या शेतावरही जातात. ड्रोननं कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये काढली आहे. आपल्या गटातल्या ताईंनी ती मराठीत मागून घ्यावी, एवढं सुचवतो.

थोडं आकड्यांबद्दल. एखाद्या रसायनाची ‘सुरक्षित’ मात्रा ठरते कशी? प्राण्यांवर प्रयोग करून, ज्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही ती शोधतात. मग तिला दहानं भागतात, कारण माणूस उंदीर नव्हे. पुन्हा दहानं भागतात, कारण सगळी माणसं सारखी नसतात. हा दुसरा दहा पुरेसा आहे का याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. मला तो नेहमीच थोडा अंदाजपंचे वाटत आला आहे. गडचिरोलीत तर तो तपासूनच घ्यावा. आपल्याकडे रक्तक्षय आहे, सिकलसेल आहे. रक्त आधीच ऑक्सिजन कमी वाहून नेतं, त्यात कार्बन मोनॉक्साइड आला तर धडधाकट माणसाला सोसवेल ते या माणसाला सोसवणार नाही. शिवाय कारखान्यातल्या मर्यादा धडधाकट कामगार आठ तास काम करतो असं धरून लिहिलेल्या असतात. १९८७ मध्ये कारखाने कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात या वायूची मर्यादा दशलक्ष भागांत ५० होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं पुढे ती २५ सुचवली. कुंपणाबाहेर पहाटे मोहफुलं वेचणारी म्हातारी त्या आठ तासांत बसत नाही. फुलं ती जमिनीवरून वेचते, अंगणात वाळवते, महिनोन् महिने घरात ठेवते. त्यांच्यावर बसलेल्या धुळीचा हिशेब कुणी केलेला मला दिसलेला नाही.

भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८९ मध्ये, घातक रसायनांचे नियम आले. ठरावीक साठ्याच्या वर रसायन ठेवणाऱ्या कारखान्यानं आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी, आणीबाणीत काय करायचं ते सांगावं, असं त्यात आहे. कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनानं करायचा असतो. भोंगा वाजला तर वाऱ्याला आडवं पळायचं, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक आहे का, एवढं विचारलं तरी तो आराखडा खरा की कागदी ते कळतं.

आणि आणखी एक. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणाचा अभ्यास २००६च्या अधिसूचनेनुसार होतो. त्यात हवा-पाण्याची मोजमापं बहुधा एका हंगामाची असतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरतात. आपल्याकडे मात्र माणसं उघड्यावर सर्वांत जास्त असतात ती पावसाळ्यातच. रोवणीला गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकलेली. वैनगंगेचं पाणी चढतं ते तेव्हाच, नाले बोड्यांत उतरतात तेही तेव्हाच. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात घेतलेलं मोजमाप ऑगस्टबद्दल फारसं सांगत नाही.

जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवलेला असतो. तो उघडून मोजमापाच्या तक्त्यावर महिना कोणता लिहिला आहे ते आधी पाहा. जनसुनावणीला जाता येत नसेल तर हरकत लेखीही चालते, मराठीत, साध्या कागदावर. रोवणीचे दिवस, मोहाचे दिवस, कोणत्या बोडीचं पाणी गुरं पितात आणि कोणत्या बोडीचं माणसं, हे त्यात लिहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात तो कागद द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.