आंघोळीचे पाणी आणि सरपणाचा भारा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर आंघोळीचे पाणी आजही अनेक घरांत लाकडावर तापते, आणि त्यासाठी किती सरपण लागेल हे चुलीच्या कार्यक्षमतेवर, म्हणजे जळणातील उष्णतेचा जो वाटा प्रत्यक्ष पाण्यात उतरतो त्यावर, अवलंबून असते. 20 लिटर पाण्याचे तापमान 20 अंशांनी वाढवण्यास 400 किलोकॅलरी पुरतात. किलोभर वाळलेल्या लाकडात सुमारे 4000 किलोकॅलरी असतात, परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यांचा साधारण दहावा भागच भांड्याला मिळत असल्याने तेवढ्या पाण्यामागे किलोभर लाकूड जळून जाते. तांब्याच्या बंबात जळणाची नळी पाण्याच्या मधोमध असल्यामुळे ज्वाळांची व धुराची उष्णता चहूबाजूंनी पाण्यात शिरते, आणि हा वाटा दुप्पट झाला तर सरपण निम्म्यावर येते. रानातून डोक्यावर भारे वाहणाऱ्या स्त्रियांचे श्रम पाहता ही बचत मुळीच क्षुल्लक नव्हे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलाच ओलावा वाफ होऊन जाण्यात खर्ची पडते, म्हणून बंब परवडत नसलेल्या घरांनी पावसाळ्यापूर्वी सरपण वाळवून झाकून ठेवावे, चूल वाऱ्याच्या आडोशाला मांडावी आणि हंड्यावर झाकण ठेवावे.