दह्याला पाणी का सुटते?



दही पातळ लागले, वर पाणी आले, की आपण काय म्हणतो? "गवळ्यानं दुधात पाणी घातलं!" कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा गवळी बिचारा निर्दोष असतो. दोष असतो आपल्या विरजणात. म्हणून आज आपण विरजणाची ओळख करून घेऊ.

विरजणात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवंत जंतू असतात. हे जंतू रोगाचे नव्हेत, उपकारी आहेत. ते दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. त्यामुळे दूध आंबट होते. आंबटपणा वाढला की दुधातली प्रथिने एकमेकांना धरतात. त्यांची बारीक जाळी विणली जाते. गाईच्या १०० भाग दुधात सुमारे ८७ भाग पाणीच असते. ते या जाळीत अडकून राहते. झालं दही!

जाळी सावकाश विणली, तर दही घट्ट लागते. दूध फार गरम, विरजण डावभर, अशी घाई केली की आंबटपणा झपाट्याने चढतो. मग जाळी विरळ होते, आवळते आणि पाणी बाहेर टाकते. लागलेले दही हलवले किंवा उबेत तसेच ठेवले, तरी हेच होते. काही जंतूंमुळे दह्याला तार सुटते. अशा दह्याला पाणी कमी सुटते, पण ते बुळबुळीत लागते.

चीज करताना तर हे पाणी मुद्दाम काढतात. विरजणाने आंबटपणा चढला की गुठळ्यांतून पाणी निघते. चेडर नावाच्या चीजमध्ये १०० भागांत ३७ च्या आसपासच पाणी उरते. पण आंबटपणा बेसुमार झाला, तर चीज भुसभुशीत होते.

मग आपण काय करायचे?

दूध चांगले उकळावे. त्याने इतर जंतू मरतात आणि जाळीही पाणी अधिक धरते. दूध बोटाला सोसेल इतके कोमट झाले, की एक लिटरला दोन छोटे चमचे विरजण घालावे. विरजण ताज्या, गोड दह्याचे असावे. नीट ढवळावे, भांडे उबेत ठेवावे आणि मग त्याला हात लावू नये. दही लागले की लगेच गार जागी ठेवावे. घरचे विरजण बिघडले असेल, तर शेजारणीकडून चांगले मागून आणावे. त्यात कसली आली लाज?

एवढे करूनही पाणी सुटले, तर गवळ्याला जरूर विचारा. पण आधी आपले विरजण पाहा, मग दुसऱ्याला बोल लावा.