कामाची वाटणी कोण करतं?

(८ मार्चच्या निमित्ताने घेतलेल्या मेळाव्यात एका संगणक अभियंता मैत्रिणीने केलेले भाषण. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



माझ्या आधी बोललेल्या दोघींचं काम तुम्हाला डोळ्यांसमोर आणता आलं. एकीची भाजीची गाडी, दुसरीची अंगणवाडी. माझं काम मात्र दिसत नाही. दिवसभर पडद्यासमोर बसून ही करते तरी काय, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनाही बरीच वर्षं पडलेला होता. म्हणून आधी तेच सांगते.

पतसंस्थेत किंवा दवाखान्यात टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नोंदी होतात, पावती छापली जाते, संध्याकाळी हिशेब जुळतो. हे करणारा प्रोग्रॅम कुणीतरी लिहिलेला असतो आणि तो त्या-त्या मशीनवर बसवावा लागतो. असे प्रोग्रॅम मी १९९१पासून लिहिले. पुढे ते लिहिणाऱ्यांची टीम सांभाळली.

पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी लागले. आम्ही चौदाजण, त्यात बाई मी एकटी. पगार सारखा होता, टेबलही सारखं. फरक होता तो कामाच्या वाटणीत. प्रोग्रॅम बसवायला फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन एस.टी.नं गावोगाव जावं लागे. एका फ्लॉपीवर दीड एमबीसुद्धा मावत नसे, आणि गठ्ठ्यातली एक जरी खराब निघाली तरी सगळी फेरी फुकट. या फेऱ्यांना मला पाठवत नसत. ‘मुक्काम पडला तर तुझी सोय कशी करायची?’ असं साहेब म्हणत. त्यात काळजी होती, हे मी नाकारत नाही. मलाही तेव्हा बरंच वाटायचं. पण जो गावाला जातो त्यालाच गिऱ्हाईक ओळखतं. गिऱ्हाइकाला काय हवंय हेही त्यालाच कळतं. बढतीच्या वेळी मग माझ्याबद्दल बोललं गेलं, ‘हिला बाहेरचा अनुभव नाही.’

१९९५मध्ये एका सहकाऱ्याला कावीळ झाली, म्हणून नाइलाजानं मला पाठवलं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा विंडोजवर चालणारा नवा प्रोग्रॅम बसवला होता आणि तक्रारी येत होत्या. तिथल्या साहेबांनी कारणही सांगून टाकलं, ‘काउंटरवर बाई आहेत, त्यांना नवीन जमत नाही.’ बाई पन्नाशीच्या. वीस वर्षं खातेवही लिहिलेली, मग जुना डॉसचा प्रोग्रॅम चालवलेला. मी तासभर त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांची नजर स्लिपवर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक रकाना भरून एंटर दाबलं की पुढचा रकाना येई. विंडोजच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या रकान्यात जायला टॅब दाबायचं, आणि आम्ही एंटरचा अर्थ ‘झालं, नोंद करा’ असा ठेवलेला. त्यांचं बोट सवयीनं एंटरवर जाई आणि अर्धवट स्लिपच नोंदली जाई. मग माऊस शोधा, नोंद रद्द करा, पुन्हा सुरुवात करा. रांग दारापर्यंत.

बाईंना काम उत्तम येत होतं. आम्ही पुण्यात बसून, त्यांचं काम न पाहता प्रोग्रॅम लिहिला होता. त्या दिवशी शेवटची गाडी चुकली. बाईंनी मला घरी नेलं, पिठलं-भाकरी वाढली, स्वतःच्या अंथरुणाशेजारी माझं अंथरूण घातलं. चार वर्षं ज्या सोयीची काळजी होती ती अशी झाली. पुण्याला येऊन मी जेमतेम पाच-सहा ओळी लिहिल्या : एंटर दाबलं की टॅब दाबल्यासारखं धरायचं, नोंदीसाठी वेगळं बटण. पुढच्या आठवड्यात नवी फ्लॉपी घेऊन गेले. रांग ओसरली. ‘बाईंना जमत नाही’ म्हणणारे साहेब मात्र त्यावर काही बोलले नाहीत.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत १९४६मध्ये लोकांपुढे आलेल्या एनिॲक या अवाढव्य संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. यंत्र बांधणं हे पुरुषांचं, मानाचं काम; त्याला गणित घालून देणं हे कारकुनी, म्हणून ते बायकांकडे. ‘प्रोग्रॅमिंग बायकांना झेपत नाही’ हे नंतर ऐकू येऊ लागलं, त्या कामाला पैसा आणि मान आल्यावर.

१९९७मध्ये मला मुलगी झाली. १९६१च्या कायद्यानं तेव्हा १२ आठवड्यांची रजा होती. रजेवरून परतले तर माझा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती गेलेला. ‘तुला दगदग नको.’ मी रडले, चिडले, वर्षभरानं नोकरी बदलली. इथवर सांगायला सोपं आहे, कारण चूक दुसऱ्यांची होती.

२००६मध्ये मी अकराजणांच्या टीमची प्रमुख होते. आमचा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला होता. त्या जुन्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा आधार २००८मध्ये संपणार होता, म्हणून सगळं नव्यानं डॉट नेटमध्ये लिहायला घेतलं. टीममधली एक मुलगी तेव्हा गरोदर होती. जुना प्रोग्रॅम तिच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. मी तिला म्हटलं, ‘तू जुनाच सांभाळ. नव्याची धावपळ तुला नको.’ मला वाटलं, मी बाई म्हणून तिला समजून घेतेय. ती रजेवरून आली तोवर बाकीचे नवं शिकून पुढे गेले होते, आणि तिच्या हातात वर्षा-दोन वर्षांत बंद पडणारं काम उरलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘मॅडम, मला विचारलं का नाही?’

साहेबांचंच वाक्य मी बोलले होते, आणि तेही त्याच मायेनं. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. ते मला दुरुस्त करता आलं नाही.

त्यानंतर मी टीममध्ये काही गोष्टी बदलल्या. कोणतं काम कुणाकडे आहे ते सगळ्यांना दिसेल असं फळ्यावर लिहायचं. प्रत्येक कामाची माहिती किमान दोघांना हवी, म्हणजे एकाच्या रजेनं काम अडत नाही आणि कुणाच्या हातून ते काढून घ्यावं लागत नाही. गिऱ्हाइकाकडे जायची पाळी सगळ्यांची. राहण्याची सोय कंपनीनं करायची. संध्याकाळी पाचनंतर मीटिंग नाही. आणि कुणाला काय झेपेल हे परस्पर ठरवायचं नाही, विचारायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. ‘मॅडम बायकांचे लाड करतात,’ हेही कानावर आलं. वडिलांच्या आजारपणात महिनाभर रजेवर गेलेला एक मुलगा परतला आणि त्याचं काम त्याच्याच नावावर होतं, तेव्हा ती कुरकुर कमी झाली.

२०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. त्यामागे कितीतरी जणींची धडपड आहे. पण रजा जितकी मोठी, तितकं परतल्यावर हातात कोणतं काम असेल हे महत्त्वाचं. ते कुठल्या न्यायालयात ठरत नाही. टीमप्रमुखाच्या टेबलावर दहा मिनिटांत ठरतं, आणि पुष्कळदा काळजीपोटीच ठरतं.

तुमच्यापैकी काहीजणी मुख्याध्यापिका आहेत, काहीजणी बचत गट चालवतात, कुणाच्या हाताखाली दोन-चार माणसं असतील. आज घरी गेल्यावर एक करा. कुणाच्या भल्यासाठी म्हणून तुम्ही कुणाचं कोणतं काम परस्पर काढून घेतलंय, ते आठवून पाहा. आणि ती अजून तिथेच असेल, तर उद्या तिला विचारा. मला उशीर झाला होता.