बॅटरीवरचा फवारणी पंप : निवड, निगा आणि जपणूक



मी घाटनांदूरला फवारणी पंप दुरुस्त करतो. मिरग निघाला, सोयाबीन-कपाशी वर आली, की दुकानापुढे पंपांची रांग लागते. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच. "दिवाळीपर्यंत चांगला चालत होता, आता खटका दाबला तर आवाजच नाही." उघडून पाहावं तर मोटार ठीक, नळी ठीक. मेलेली असते ती बॅटरी. सात-आठ महिने रिकाम्या पोटी गोठ्यात टांगून ठेवल्यामुळं ती गेलेली असते. म्हणून आज पंपाबद्दल बोलायचं ते बॅटरीपासून.

घेताना काय पाहावं

बॅटरीवर १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब समजा आणि अँपिअर-तास म्हणजे हौदाचं माप. पंपाची मोटार २ अँपिअर ओढत असेल तर ८ चा हौद कागदावर ४ तास पुरतो. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. अडीच-तीन तासांचंच काम धरून चाला. क्षेत्र जास्त असेल तर १२ अँपिअर-तासांची घ्या, मात्र पाठीवरचं ओझं वाढेल हेही लक्षात घ्या. १६ लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो होतं.

दुकानात मीटर लावून दाखवायला सांगा. चार्जर काढून ठेवलेली भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती बरेच दिवस पडून उतरलेली आहे, दुसरी मागा. पंपाची हमी किती आणि बॅटरीची किती, हे वेगवेगळं विचारा. तारखेचं पक्कं बिल घ्या.

आता लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्या हलक्या असतात, जास्त वेळा भरता येतात, पण महाग पडतात. त्यांचा चार्जर वेगळा. एकदा घाईत मीच लिथियमच्या बॅटरीला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावला. थोड्या वेळात ती तापली, फुगली. चार्जर काढून अंगणात वाळूवर नेऊन ठेवली म्हणून निभावलं. तेव्हा ज्याचा चार्जर त्यालाच लावा, आणि बॅटरी चार्जिंगला लावताना कडबा, पोती, अंथरूण जवळ नको.

फळबागेची बॅटरीवरची कात्री किंवा करवत घेणाऱ्यांनीही हेच पाहावं. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या अवजाराला सहसा बसत नाही. म्हणून जादा बॅटरी त्याच कंपनीची मिळते का, हे आधी विचारा. पात्याला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवा.

वर्षभर निगा

शिशाची बॅटरी रिकामी राहिली की आतल्या पाट्यांवर कठीण क्षार धरतात. मग चार्जर रात्रभर लावला तरी ती भरत नाही. म्हणून फवारणीहून आल्यावर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. फवाऱ्याचा जोर कमी झाला की थांबा, "एवढा एक पंप मारून घेऊ" म्हणू नका. हंगाम संपला की टाकी, नळी आणि नोझल स्वच्छ पाण्यानं तीनदा धुवा. बॅटरी पूर्ण भरा, तिची तार सोडवा आणि सावलीत, कोरड्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा भरा. लिथियमची बॅटरी मात्र निम्मी भरून ठेवलेली बरी. कोणतीही बॅटरी उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका.

औषधाचं माप बदलतं

हाताच्या पंपाची सवय असलेल्यानं नवा पंप घेतल्यावर आधी नुसतं पाणी भरून एक गुंठा फवारून पाहावं. किती लिटर लागलं ते मोजा आणि ४० नं गुणा. गुंठ्याला ५ लिटर लागले तर एकराला २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. औषध एकरी २५० मिलि सांगितलं असेल तर प्रत्येक पंपात २० मिलि. तेच गुंठ्याला ४ लिटर लागले तर एकराला १० पंप, आणि पंपात २५ मिलि. झाकणानं अंदाज करू नका. डब्यावरचं प्रमाण वाचा आणि मापानं टाका.

पंप थकत नाही, माणूस थकतो

बंधूंनो, आता सगळ्यांत महत्त्वाचं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. हाताचा पंप दांडा हलवून हलवून खांदा दुखवायचा, म्हणून माणूस बांधावर टेकायचा. बॅटरीचा पंप खांदा दुखवत नाही, म्हणून माणूस थांबत नाही. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत तास न् तास तुषार अंगावर घेत फिरतो. रोजावर लावलेल्या माणसाला तर थांबायचं सुचतही नाही, ते आपणच त्याला सांगितलं पाहिजे.

म्हणून भर उन्हात फवारू नका. वारा पाठीवर घ्या. हातमोजे, तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. उपाशीपोटी जाऊ नका. मनाला येतील ती औषधं एकत्र कालवू नका. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. डोकं गरगरलं, मळमळलं, नजर अंधुक झाली तर काम तिथंच सोडा. भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नका. त्यातलं शिसं आणि आम्ल दोन्ही विषारी. मुलांना खेळायला देऊ नका. जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. तिचे थोडेफार पैसेही सुटतात.

ध्यानात ठेवा

१. बिल, हमी आणि मीटरवरचे व्होल्ट पाहूनच पंप घ्या.
२. फवारणी झाली, त्याच दिवशी बॅटरी भरा.
३. हंगामानंतर शिशाची बॅटरी महिन्यातून एकदा भरा.
४. चार्जर ज्याचा त्यालाच.
५. एक गुंठा फवारून औषधाचं माप ठरवा.
६. मधूनमधून पंप उतरवा, दम घ्या.

येत्या मिरगाला माझ्या दुकानापुढची रांग लहान झाली तर मला वाईट वाटणार नाही. रामराम.