पेन्सिलीची नोंद

बदलापूरच्या भातशेतांवर आज इमारती उभ्या आहेत. पण त्या जमिनींचे जुने व्यवहार तलाठ्याच्या दप्तरांत हातानें लिहिलेले असत. त्या लिखाणांत एक युक्ति होती. फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर प्रथम पेन्सिलीनें लिहीत. हितसंबंधियांस नोटीस जाई, हरकतींस १५ दिवस मिळत, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तीवर शाई चढे. पेन्सिल म्हणजे काम अपुरें असल्याचा इशारा! जुन्या खातेदाराचें नांव कंसांत जाई, पुसलें जात नसे.

संगणकाला पेन्सिल आणि शाई सारख्याच. नुसतीं अक्षरें उतरविलीं तर शब्द सगळे राहतात, कामाची अवस्था मात्र हरवते. आणि खरेदीदार अनिर्णीत हक्कावर पैसे मोजून बसतो. कारखान्यांतील कामाच्या पायऱ्या एका चिन्हभाषेंतून दुसरींत नेणाऱ्यांसहि हीच अडचण पडते: जें चिन्ह दुसरींत नाहीं, त्याचा अर्थ निराळा लिहून ठेवावा लागतो. २०२० सालीं महाराष्ट्रानें उताऱ्याचा नमुना बदलला तेव्हां असेंच केलें. प्रलंबित फेरफारास स्वतंत्र जागा मिळाली. कंसाऐवजीं नांवावर आडवी रेघ आली.

जमीन घेतांना ती जागा आधीं वाचावी, आणि जुना हस्तलिखित उताराहि मागवून शेजारीं ठेवावा. उतरवितांना झालेली लेखनाची चूक १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखालीं दुरुस्त करून घेतां येते.