स्थिर कॅमेरा, चालत्या काड्या

इसवी सन १९९१ मध्यें केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेंत एका कॉफीच्या भांड्यासमोर लहानसा कॅमेरा बसविण्यांत आला. इमारतीच्या दूरच्या भागांत काम करणारे संशोधक कॉफीसाठीं येत आणि भांडें रिकामें पाहून परत जात. हा हेलपाटा वांचावा, एवढाच त्या योजनेचा हेतु होता. १९९३ मध्यें हें चित्र इंटरनेटवर आलें, आणि २००१ पर्यंत भांडें भरलेलें आहे कीं रितें, हें दूरदेशींचे लोकहि घरबसल्या पाहात होते. आज ज्याला वेबकॅम म्हणतात, त्याचा हा आद्य पूर्वज. एका न हलणाऱ्या वस्तूकडे टक लावून बसणें, हेंच त्याचें पहिलें काम होतें.

पुढें ह्या उपकरणाकडे परगांवच्या आप्तांचें मुखदर्शन घडविण्याचें आणि सभा भरविण्याचें काम आलें. परंतु न कंटाळतां एका जागीं पाहात राहणें हा त्याचा मूळ गुण ज्या कलेस विशेष उपकारक ठरतो, ती कला म्हणजे स्टॉप-मोशन. निर्जीव वस्तु किंचित् हलवावी आणि चित्र घ्यावें. पुन्हां हलवावी, पुन्हां चित्र घ्यावें. आणि तीं सर्व चित्रें भराभर एकामागून एक दाखवावीं, म्हणजे वस्तु आपल्या पायांनीं चालूं लागते.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाहीं. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यापूर्वीं, पैसा घालणाराची खात्री पटावी म्हणून, दादासाहेब फाळके यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या रोपाची वाढ ठराविक अवकाशानें एकेक चित्र घेऊन टिपली. पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां माती फोडून वर आलें. पुढें 'आगकाड्यांची मौज' या लघुपटांत त्यांनीं आगपेटींतील काड्यांना खेळावयास लावलें. त्या काळीं फिल्म धुऊन होईपर्यंत आपली चूक कोठें झाली, हें कळावयास मार्ग नव्हता. आज घरांतल्या टेबलावर चित्र घेतल्याबरोबर चूक डोळ्यांसमोर येते. साधन इतकें सुलभ झालें असतांहि घरोघरचे पहिले प्रयत्न बहुधा फसतात. ते कां फसतात, हें पाहण्यासारखें आहे.

सुटीच्या दिवशीं एखाद्या घरीं दहा-अकरा वर्षांची मुलगी संगणकाचा कॅमेरा टेबलावर रोखते, आगकाड्यांचा एक माणूस मांडते आणि त्याला चालवावयास लागते. दोन तास मान मोडून ती शंभर चित्रें घेते. घरची मंडळी पाहावयास जमतात. आठ सेकंदांत चित्र संपतें. माणूस चालतो खरा. पण त्याच्याबरोबर टेबलहि थरथरतें, खालचा कागद क्षणांत पिवळा तर क्षणांत निळसर होतो, उजेड वाऱ्यांतल्या ज्योतीसारखा फडफडतो, आणि मध्येंच सारें पुसट होऊन जातें. कोणी हंसतें, कोणी भारी किंमतीचा कॅमेरा आणून देण्याचें आश्वासन देतें. मुलगी मात्र 'मला नाहीं जमत' एवढेंच म्हणते आणि काड्या पेटींत भरून टाकते.

येथें जें गमावतें, तें आठ सेकंदांचें चित्र नव्हे. आपल्या हातून कांहीं घडूं शकतें असा विश्वास ज्या वयांत बसावयाचा, त्या वयांत नेमका उलटा निकाल मनावर ठसतो. आणि तो निकाल चुकीच्या पुराव्यावर दिलेला असतो. दोष मुलीच्या बोटांत नसतो, तो कॅमेऱ्याच्या शहाणपणांत असतो. आणि हें शहाणपण भारी किंमतीच्या कॅमेऱ्यांतहि असतेंच.

वेबकॅमची घडण बोलणाऱ्या माणसाचा चेहरा दाखविण्यासाठीं झालेली आहे. माणूस मागें सरला, खिडकीवर सांवली आली, तर तो आपण होऊन उजेड, रंग आणि स्पष्टता सांवरून घेतो. संभाषणांत ही सेवा उपयोगी पडते. स्टॉप-मोशनमध्यें तीच घात करते. हात चौकटींत शिरला कीं कॅमेरा हाताच्या मानानें उजेड ठरवितो, हात बाहेर गेला कीं तो नव्यानें ठरवूं लागतो. त्या गडबडींत घेतलेलीं चित्रें एकसारखीं येणार कशीं? म्हणून पहिलें काम हें कीं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें जाऊन एक्स्पोझर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स या तिन्ही गोष्टींपुढील 'ऑटो'ची खूण काढून टाकावी, आणि त्या हातानें ठरवून शेवटपर्यंत तशाच ठेवाव्या. ज्या कॅमेऱ्यांत ही सोय नसेल, तेथें हात बाहेर काढल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मगच चित्र घ्यावें. त्यानें दोष समूळ जात नाहीं, पण पुष्कळ कमी होतो.

दुसरें काम उजेडाचें. सूर्यप्रकाश सुंदर खरा, पण दोन तासांत तो आपली जागा आणि रंग दोन्ही बदलतो. त्यासाठीं पडदे ओढून घ्यावे आणि दोन टेबल-दिव्यांवर काम करावें. भारतांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. त्यामुळें कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळां मंद आणि तेज होत असतात. डोळ्यांना तें जाणवत नाहीं, पण कॅमेऱ्याच्या चित्रांत पट्टे उमटतात. सेटिंगमध्यें ५० हर्ट्झ निवडलें म्हणजे बहुधा हे पट्टे जातात. काम करणाराचा पांढरा सदरादेखील वस्तूंवर उजेड फेंकतो. म्हणून कपडे गडद रंगाचे असावे आणि चित्र घेण्याच्या वेळीं उभें राहण्याची जागा एकच असावी.

तिसरें काम स्थिरतेचें. लॅपटॉपमध्यें बसविलेला कॅमेरा ह्या कामीं निरुपयोगी, कारण बटण दाबतांच तो हालतो. तारेनें जोडावयाचा सुटा कॅमेरा घ्यावा आणि संगणक दुसऱ्या टेबलावर ठेवावा. सारख्या उंचीचीं दोन स्टुलें मांडून त्यांवर फळी टाकावी, आणि फळीला चिकटपट्टीनें घट्ट बांधलेला कॅमेरा खालीं जमिनीकडे पाहील असा लावावा. खालचा कागद चारी कोपऱ्यांना चिकटवावा. अशा रचनेंत काड्याच काय, तूरडाळ, राजमा, बांगड्यांचे तुकडे, सारेंच नट होतात. पडून राहणाऱ्या वस्तूंना तोल सांभाळावा लागत नाहीं, हा आणखी एक लाभ. रांगोळी तर ह्या मांडणीसाठींच जन्मली असावी असें वाटतें: ठिपके मांडावे, चिमूटभर रेघ ओढावी, चित्र घ्यावें, पडद्यावर ती जणूं कोणाच्या हाताशिवाय उमलते.

आतां राहिला हिशेब. चित्रपटगृहांतील चित्रपटांत सेकंदाला २४ चित्रें जातात. घरच्या कामाला १२ पुरेशीं होतात. अर्ध्या मिनिटाला ३६०, एका मिनिटाला ७२०. साठ सेंटिमीटरांचें अंतर काडीच्या माणसानें पांच सेकंदांत तोडावयाचें, तर ६० चित्रें, म्हणजे प्रत्येक चित्राला एक सेंटिमीटर. पण अशी सारखी चाल यंत्राची दिसते. प्राणी निघतांना हळू निघतो आणि थांबण्यापूर्वीं मंदावतो. म्हणून आरंभीं दोन मिलिमीटर, मग चार, मग आठ असें वाढवीत जावें आणि शेवटीं उलट क्रमानें उतरावें. वळण्यापूर्वीं सहा चित्रें त्याला मुळींच हलवूं नये. त्या अर्ध्या सेकंदांत तो विचार करीत आहे, असें पाहणाराला वाटतें. ह्या कामासाठीं असलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्यें मागचें चित्र पुढच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखें पुसट दिसण्याची सोय असते. किती हलविलें, हें तीवरून नेमकें कळतें.

मोठ्यांचा मार्गहि याहून निराळा नव्हता. १९१० च्या सुमारास लादिस्लास स्तारेविच यांना भुंगेऱ्यांची झुंज टिपावयाची होती. दिव्यांच्या उजेडांत जिवंत किडे निपचित पडत, तेव्हां मेलेल्या भुंगेऱ्यांना तारेचे पाय लावून त्यांनीं ती झुंज एकेक चित्रानें घडविली. १९३३ च्या 'किंग काँग' चित्रपटांत त्या प्रचंड वानराच्या अंगावरची लव सारखी सळसळतांना दिसते. पुतळा हलविणाऱ्या बोटांनीं ती दर खेपेस विसकटली होती. म्हणजे जें स्थिर राहावयास हवें होतें तें हाललें, हा त्या मुलीचाच दोष तेथेंहि घडला. आणि तरी चित्रपट अजरामर झाला. १९६३ च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' मधील सात सांगाड्यांच्या युद्धासाठीं रे हॅरीहाउसेन यांनीं चार महिन्यांहून अधिक काळ खर्च केला. पडद्यावर तें युद्ध कांहीं मिनिटांचेंच आहे.

ह्या कलेंत वस्तु हलविणें सोपें आहे. बाकीचें सारें जागच्या जागीं ठेवणें कठीण. कॅमेरा, उजेड, कागद आणि टेबल स्थिर राहिलीं, तरच जी एक काडी हालते तिच्यांत जीव आला असें दिसतें. म्हणून घरांतील वडील माणसांनीं नवा कॅमेरा आणण्यापूर्वीं तीन खुणा काढाव्या, पडदे ओढावे, फळी बांधून द्यावी आणि मग बाजूला व्हावें. काड्या मात्र मुलीनेंच हलवाव्या. पहिलें फसलेलें चित्रहि पुसून टाकूं नये. दुसरें तयार झाल्यावर दोन्ही शेजारीं ठेवून पाहावीं.

दुसऱ्या खेपेस चित्रें तींच शंभर, सेकंद तेच आठ. काडीचा माणूस तीन पावलें चालतो, थांबतो, मान वळवून पाहतो. टेबल हालत नाहीं. या वेळीं कोणी हंसत नाहीं. सगळे म्हणतात, 'पुन्हां एकदां दाखव.'